मोजक्या सामानाचा संगणक

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला भारतीय हवाई दलाने मिग-२१ विमानांना निरोप दिला. ही विमाने १९६३ पासून दलात होती. त्यांतली शेकडो तयार झाली ती नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात. हा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तोच मुळी मिगसाठी. त्यामुळे ओझरकरांना ती बातमी घरातलीच वाटली तर नवल नाही.

त्यानंतर अठराच दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, आणखी एक निरोप झाला. त्याला ना संचलन होते, ना सलामी. विंडोज १० साठी येणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने नियमितपणे देणे थांबवले. नोंदणी करणाऱ्यांना आणखी वर्षभराची सवलत मिळाली, एवढेच. विंडोज ११ वर जायचे तर किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर हवा. घरोघरी, शाळांत, सोसायट्यांच्या कार्यालयांत असलेले कितीतरी लॅपटॉप या चाळणीतून खाली पडतात. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज वर्तवला होता, की या एका निर्णयामुळे जगातले सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागू शकतात.

त्या २४ कोटींपैकी बहुसंख्य यंत्रांत बिघाड काहीच नाही. पडदा उजळतो, कीबोर्डची बटणे चालतात, बॅटरी बदलली की तीन-चार तास काम होते.

ओझरला यंत्राचे वय वेगळ्या रीतीने मोजतात. हवाई दलाचा ११ क्रमांकाचा बेस रिपेअर डेपो इथेच आहे आणि हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये सुखोई-३० विमानांचे ओव्हरहॉल होते. ठरावीक तास उडालेले विमान इथे येते, सुट्या भागांपर्यंत उघडले जाते, प्रत्येक भाग तपासून, चालणारा ठेवून आणि थकलेला बदलून पुन्हा जुळवले जाते. सव्वाशेच्या आसपास मिग-२१ विमानांना नवे रडार आणि नवी इलेक्ट्रॉनिक्स बसवून त्यांचे ‘बायसन’ हे रूप घडवले गेले, तेही बहुतांश ओझरलाच. मिगच्या अपघातांचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे यंत्राचे आयुष्य वाढवणे फुकटात होते असे इथे कोणी म्हणणार नाही. त्यासाठी आत काय आहे ते माहीत असावे लागते. ही पुस्तिका संगणकाच्या बाबतीत तेच मागते: आत काय चालले आहे ते माहीत असावे, आणि जे लागत नाही ते काढून टाकावे.

मिनिमल, म्हणजे अगदी मोजक्या सामानाची, ऑपरेटिंग सिस्टीम रोजच्या कामाच्या संगणकावर वापरणे हा या पुस्तिकेचा विषय. सर्व्हरवर किंवा प्रयोगशाळेतल्या यंत्रावर ती चालवणारे पुष्कळ आहेत. इथे प्रश्न आहे तो पत्र लिहिण्याचा, बँकेचे व्यवहार करण्याचा, सातबारा उतरवून घेण्याचा, मुलांचा अभ्यास घेण्याचा आणि रात्री एखादे गाणे ऐकण्याचा.

मोजके सामान म्हणजे किती? उदाहरण म्हणून अल्पाइन लिनक्स घ्यावे, कारण पुढच्या प्रकरणांचा बराचसा भाग त्यावरच आहे. नातानाएल कोपा यांनी २००५ च्या सुमारास ते सुरू केले. त्याचे मूळ राउटर आणि फायरवॉल चालवणाऱ्या छोट्या लिनक्समध्ये आहे. त्या वंशाचा मूळपुरुष असलेला ‘लिनक्स राउटर प्रोजेक्ट’ एका फ्लॉपीत मावत असे. अल्पाइनचा गाभा ‘बिझीबॉक्स’ या एका कार्यक्रमावर उभा आहे. फाइल उतरवणे, शोधणे, मोजणे, पुसणे अशी शेकडो छोटी कामे तो एकटाच करतो. ब्रूस पेरेन्स यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तो लिहिला तो डेबियन या लिनक्सची इन्स्टॉलर फ्लॉपी १.४४ एमबीत बसावी म्हणून. जागेच्या टंचाईतून जन्मलेली ही काटकसर नंतर मोठ्या कामी आली. आज अल्पाइनची किमान मांडणी डिस्कवर सुमारे १३० एमबी जागा घेते, आणि कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवर एखादा कार्यक्रम वेगळा चालवण्याच्या बंदिस्त कप्प्यात, ८ एमबीपेक्षा जास्त लागत नाही. म्हणूनच मोठमोठ्या डेटा सेंटरांत ते इतके पसरले. ज्या माणसाने अल्पाइनचे नावही ऐकलेले नाही, त्याचा मोबाइलवरचा एखादा व्यवहार पलीकडे अल्पाइनच्या कंटेनरातून जात असण्याची चांगलीच शक्यता आहे.

अर्थात हे एकच नाव नाही. ऑस्ट्रेलियात बॅरी काउलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेले पपी लिनक्स पूर्णपणे रॅममध्ये उतरून चालते. ग्रीसमधून निघणारे अँटीएक्स जुन्या यंत्रांसाठीच बांधलेले आहे. टायनी कोअर तर पंचवीस-तीस एमबीच्या आत चित्रमय पडदा उभा करते. आणि लिनक्सच्या कुळाबाहेर, थिओ डी राट यांनी १९९५ पासून चालवलेले ओपनबीएसडी आहे. त्यात प्रत्येक भाग पारखून घेण्याचा कटाक्ष इतका, की अनेक जाणकार ते केवळ मनःशांतीसाठी आपल्या लॅपटॉपवर ठेवतात. प्रत्येकाचा स्वभाव निराळा, पण विचार एक: जे मागितले नाही ते आत येऊ नये.

या विचाराची कसोटी २९ मार्च २०२४ रोजी लागली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात दुरून प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा विलंब का होतो, याचे कोडे पडले. तो शोध घेत गेला तेव्हा ‘एक्सझेड’ या फाइली आवळण्याच्या साध्या साधनात कोणीतरी चोरदरवाजा पेरल्याचे उघड झाले. हा दरवाजा उघडायचा तर दुरून प्रवेश देणारा कार्यक्रम आणि एक्सझेड यांची गाठ पडायला हवी. अनेक मोठ्या लिनक्समध्ये ती ‘सिस्टमडी’ या व्यवस्थापकामुळे पडत होती. अल्पाइनमध्ये सिस्टमडी नाही, त्याजागी ‘ओपनआरसी’ आहे, म्हणून ती गाठ तिथे पडलीच नाही. अल्पाइनच्या मंडळींनी हा हल्ला आधी ओळखला होता असे नव्हे. त्यांच्या घरात ती वाटच नव्हती. कमी सामानाचा हा फायदा जाहिरातीत दिसत नाही आणि रोज जाणवतही नाही, पण या पुस्तिकेच्या मते तोच सर्वांत मोठा आहे.

आता आपल्याकडचे. भारतात बहुतेकांकडे लिनक्स आधी इंटरनेटवरून आले नाही, मासिकाबरोबर आले. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून एखादी मोठी फाइल उतरवणे म्हणजे रात्र घालवणे होते. मार्च १९९६ मध्ये ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत स्लॅकवेअर लिनक्सची सीडी दिली आणि गावोगावच्या संगणकवेड्यांच्या हाती ही सिस्टीम पडली. या उपक्रमामागे अतुल चिटणीस होते. बर्लिनमध्ये जन्मलेले, बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकलेले आणि पुढे बंगळुरूला स्थायिक झालेले चिटणीस २०१३ मध्ये गेले. त्या सीडीवर ज्यांनी पहिली काळी स्क्रीन पाहिली, त्यांतले अनेक जण आज मोठ्या कंपन्यांत सर्व्हर सांभाळतात. त्या काळी १६ एमबी रॅम ही चैन होती. लिनक्स तेवढ्यात चालत असे, आणि त्यावर कामही होत असे.

त्याहून जवळचा आणि हृद्य दाखला रायगड जिल्ह्यातला आहे. निकोलस नेग्रोपाँटे यांच्या ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ या योजनेला केंद्र सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये नकार दिला. तरीही दुसऱ्याच वर्षी, २००७ मध्ये, कर्जतकडच्या खैराट या छोट्या गावातल्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत ते हिरवे-पांढरे ‘एक्सओ’ लॅपटॉप आले. भारतातला तो पहिला प्रयोग. पहिली ते चौथीची वीसेक मुले, एक खोली, एक गुरुजी. त्या लॅपटॉपमध्ये ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि हार्ड डिस्कऐवजी १ जीबी फ्लॅश होती. आजचा स्वस्तातला मोबाइलही याच्या कितीतरी पट ताकदीचा असतो. त्यावर छाटून लहान केलेले फेडोरा लिनक्स आणि ‘शुगर’ नावाचा मुलांसाठीचा पडदा चालत असे. त्यात फोल्डर नव्हते, ‘सेव्ह’ करण्याची कटकट नव्हती. मुलाने जे केले ते रोजनिशीत आपोआप नोंदले जाई. योजना म्हणून या लॅपटॉपचे जगभरात जे झाले ते वादाचे आहे आणि वाद रास्त आहे, कारण यंत्र दिले की शिक्षण होते हे गृहीतच चुकीचे होते. पण तांत्रिक बाजूने खैराटने एक गोष्ट दाखवून दिली. सिस्टीम नेमकेपणाने छाटलेली असेल, तर संगणक कधीच न पाहिलेले सात वर्षांचे मूलही २५६ एमबीच्या यंत्रावर लिहू, चित्रे काढू, फोटो टिपू शकते. ‘हे अवघड आहे, जाणकारांचे काम आहे’ असे म्हणणाऱ्यांनी खैराट आठवावे.

अवघड काय आहे ते मात्र लपवून चालणार नाही, म्हणून इथे एक बसवणी जरा जवळून पाहू.

दहा-बारा वर्षांपूर्वीचा, ४ जीबी रॅमचा लॅपटॉप. पेन ड्राइव्हवरून अल्पाइन सुरू होते आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव विचारते. ‘रूट’ लिहून आत गेले, की ‘सेटअप-अल्पाइन’ ही एकच आज्ञा द्यायची. मग ती एकेक प्रश्न विचारते: कीबोर्ड कोणता, यंत्राचे नाव काय, वायफाय कोणते, पासवर्ड काय, वेळ कुठली. तिथे ‘एशिया/कोलकाता’ लिहायचे. शेवटचा प्रश्न डिस्कचा, आणि तिथे थांबून दोनदा वाचायचे, कारण ‘हो’ म्हटले की जुने सगळे पुसले जाते. काही मिनिटांत काम संपते. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर समोर पुन्हा तोच काळा पडदा. पहिल्यांदा बसवणाऱ्याला वाटते, काहीतरी चुकले. चुकलेले काही नसते. त्याने फक्त खिडक्या आणि बटणे अजून मागितलेली नसतात. या घडीला रॅमपैकी शंभर एमबीही वापरलेली नसते. ‘सेटअप-डेस्कटॉप’ म्हटले, यादीतून एक्सएफसीई निवडले, की ओळखीचा डेस्कटॉप उभा राहतो. आता रॅम चार-पाचशे एमबीच्या घरात जाते, आणि ती कशामुळे गेली हे माहीत असते.

फायरफॉक्स बसवून एखादे मराठी वर्तमानपत्र उघडावे, तर पानभर रिकाम्या चौकटी दिसतात. मराठी माणसाचा इथे धीर सुटतो, आणि अनेकांनी याच टप्प्यावर विंडोजकडे परतीची वाट धरली असेल. कारण साधे आहे. डेस्कटॉपबरोबर आलेल्या डेजावू फॉन्टमध्ये देवनागरी नाही, आणि अल्पाइन न मागता काही देत नाही. ‘फॉन्ट-नोटो-देवनागरी’ हे एक पॅकेज मागवले, ब्राउझर बंद करून उघडला, की अक्षरे जागच्या जागी येतात.

मग टायपिंग. बहुतेकांचा समज असा, की मराठी लिहायला वेगळे सॉफ्टवेअर लागतेच. लिनक्सच्या कीबोर्डच्या मूळ आराखड्यांतच मराठीसाठी दोन मांडण्या आधीपासून आहेत: एक इनस्क्रिप्टवर बेतलेली आणि दुसरी कागापा, म्हणजे उच्चारानुसार चालणारी. एका आज्ञेने इंग्रजीच्या जोडीला त्यांतली एक लावून ठेवता येते, आणि त्यासाठी पार्श्वभूमीत आणखी एकही कार्यक्रम चालू ठेवावा लागत नाही. इनस्क्रिप्टमध्ये ‘दुसऱ्या’ लिहिताना शिफ्ट धरून ‘जे’ दाबले की नुक्ता असलेला ऱ येतो, ‘डी’ने हलन्त आणि तिरप्या रेघेच्या बटणाने य. पडद्यावर चंद्रकोरीसारखा वाकलेला तो अर्धा ‘ऱ’ नीट उमटतो. हिंदीच्या नजरेने बनवलेल्या कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये मराठीचे हे अक्षर वर्षानुवर्षे रफार होऊन डोक्यावर चढत आले. तऱ्हा, वाऱ्यावर, पुढाऱ्यांनी हे शब्द इतक्या हलक्या सिस्टीमवर चोख उमटतात, हे पाहिले की मोजके सामान म्हणजे गरिबीची तडजोड हा समज आपोआप गळतो. लिब्रेऑफिसही मराठी पडद्यासह मिळते. ज्याला वाचण्यापेक्षा पाहून शिकणे सोपे जाते, त्याच्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे छोटे पाठ मराठी निवेदनासह मोफत आहेत.

आता अडचणी. पहिली अडचण वेबची. सिस्टीम कितीही हलकी केली तरी संकेतस्थळे हलकी होत नाहीत. फायरफॉक्समध्ये पाच-सहा टॅब उघडले, की एक-दीड जीबी रॅम तिथेच जाते. ४ जीबीच्या यंत्रावर हे निभते, २ जीबीवर हात आखडता घ्यावा लागतो, आणि १ जीबीच्या यंत्रावर आजचे वेब चालवण्याचा हट्ट सोडावा. ३२ बिटांच्या जुन्या प्रोसेसरांचा काळ तर संपतच आला आहे. डेबियनने ऑगस्ट २०२५ च्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी पूर्ण सिस्टीम देणे थांबवले आणि त्याच वर्षी फायरफॉक्सनेही लिनक्सवरचा ३२ बिटांचा आधार काढला. असे यंत्र लेखनासाठी, गाण्यांसाठी, मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी छान आहे. बँकेसाठी ते वापरू नये.

दुसरी अडचण अल्पाइनची स्वतःची. बहुतेक लिनक्स ‘ग्लिबसी’ या सी-लायब्ररीवर चालतात, तर अल्पाइनने २०१४ पासून ‘मसल’ ही लहान, नेटकी लायब्ररी घेतली. त्यामुळे कंपन्यांनी तयार करून दिलेले क्रोम किंवा झूम तिथे थेट चालत नाही, आणि ज्या चित्रपट-संकेतस्थळांना कुलूपबंद व्हिडिओ दाखवायचा असतो तीही नुसत्या फायरफॉक्समध्ये चालत नाहीत. फ्लॅटपॅक या सोयीने यातले बरेच काही बसवता येते, पण तेव्हा सोबत शेकडो एमबीचे सामान घरात येते. ज्याला याचा फार उपयोग आहे त्याने सरळ अँटीएक्स घ्यावे. ते डेबियनवर उभे असल्याने ही अडचण तिथे येत नाही.

तिसरी अडचण महाराष्ट्रातल्या प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात दिसते. टेबलावरचा तो छोटा लेझर प्रिंटर, कॅननचा एलबीपी २९००, स्वतः फारसे डोके चालवत नाही. पानाची आखणी संगणकाने करून द्यावी लागते, आणि त्यासाठीची ‘कॅप्ट’ भाषा कंपनीचीच आहे. मोठ्या लिनक्सवर खटपट करून तो चालतो. मसलवर ती खटपट दुप्पट होते. प्रिंटर नवा घ्यायचा असेल तर पोस्टस्क्रिप्ट, पीसीएल किंवा ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ समजणारा घ्यावा.

चौथ्या अडचणीवर उपाय नाही असेच म्हणावे लागेल. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनावर निविदा भरणारे कंत्राटदार, टॅलीवर हिशेब ठेवणारे मुनीम, श्री-लिपीच्या जुन्या, युनिकोडपूर्व फाइलींची वर्षानुवर्षांची लग्नपत्रिका-अहवालांची बेगमी असलेले डीटीपीवाले, या सर्वांचे मुख्य यंत्र विंडोजवरच राहू द्यावे. त्यांनी दुसरे, बाजूला पडलेले यंत्र निवडावे.

मग हे कोणासाठी? निफाड तालुक्यातल्या द्राक्ष-बागायतदाराला निर्यातीची नोंद ब्राउझरमध्ये ग्रेपनेट या प्रणालीवर करायची असते, हवामान पाहायचे असते, फवारणीची वही ठेवायची असते. त्याला यापेक्षा जास्त काही लागत नाही. निवृत्त तंत्रज्ञाला आठवणी टाइप करायच्या असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत कोपऱ्यात झाकून ठेवलेली सहा-आठ यंत्रे पुन्हा सुरू व्हावीत असे शिक्षकाला वाटते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला तर याचा दुहेरी लाभ आहे. काळ्या पडद्यापासून डेस्कटॉपपर्यंत स्वतःच्या हाताने चढत गेलेल्या मुलाला ऑपरेटिंग सिस्टीमचे पाठ्यपुस्तक निराळेच दिसू लागते. प्रक्रिया म्हणजे काय, ड्रायव्हर कुठे बसतो, सेवा कोण सुरू करते, याची उत्तरे त्याला परीक्षेच्या आधी मिळालेली असतात.

पुढची प्रकरणे कृतीच्या क्रमाने लावली आहेत, आणि प्रत्येक आज्ञा अर्थासह दिली आहे. ती न समजता उतरवून टाइप करू नये. सुरुवात करण्यापूर्वी जुन्या डिस्कवरचे फोटो, कागदपत्रे आणि पासवर्ड वेगळ्या डिस्कवर घेऊन, ते उघडतात याची खात्री करावी. पहिले काही दिवस पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहावे, म्हणजे आधीच्या विंडोजला धक्का लागणार नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी या चार गोष्टी जमल्या तरच डिस्कवर बसवावे. आणि बसवल्यावर एखादे मराठी जोडाक्षर चुकीचे उमटले, किंवा एखाद्या पडद्यावरचे मराठी भाषांतर चुकलेले दिसले, तर ते सोसून पुढे जाऊ नये. या सर्व सिस्टीमचे काम उघडे चालते, तक्रार कोणालाही नोंदवता येते, आणि मराठीतल्या चुका मराठी वापरणाऱ्याने सांगितल्याखेरीज दुसऱ्या कोणाला दिसणार नाहीत. तेवढी नोंद वाचकांनी जरूर करावी.